वकीलपत्राआधी सांगितलेलं

चन्नवीर पहिल्यांदा माझ्यासमोर आला तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तीन दिवसांचा ताप, एप्रिलच्या उन्हातही अंगात काळा कोट, आणि आमच्या लॅबच्या खुर्चीत बसून नुसतं पुटपुटणं — "बेडा... बेडा..." दुधनीकडची माणसं घाबरली की कानडीत शिरतात. मी दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली, रक्त काढून कापूससुद्धा दाबला, तरी त्याचं नको-नको चालूच.

"झालं, वकीलसाहेब," मी म्हटलं. "उघडा डोळे. लोकांना कोर्टात उभं करता आणि एवढ्याशा सुईला..."

"लोकांना सुई टोचत न्हाई ओ आमी."

"मला टोचलीय की. कालच."

त्याने डोळे उघडले. तापाने लाल झालेले, पण लई साधे. एरवी मी फटकळ आहे, परक्यापुढे घरचं काही काढणारी नाही. पण त्या दिवशी पर्समधली नोटीस मी सरळ त्याच्या हातात दिली.

नोटीस ऋतुराज दाजींची होती. माझी ताई गेली तेव्हा तिची पिंकी दीड वर्षाची होती. दाजींनी तिला चार दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे ठेवलं आणि ते पुण्याला नोकरीवर गेले. त्या चार दिवसांची चार वर्षं झाली. दिवाळीला फोन, वाढदिवसाला फ्रॉक. आता त्यांनी दुसरं लग्न केलं होतं आणि त्यांना मुलगी हवी होती. दाजी वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं, पण ते तसे नाहीत.

चन्नवीरने दोनदा वाचून विचारलं, वकील केला का. मी सांगितलं, एकाकडे जाऊन आले. त्यांनी जन्मदाखला मागितला, आधार कार्ड मागितलं, फोटो मागितले, पण मुलीचं नाव काही विचारलं नाही. म्हणून मी ठरवलं होतं, आपणच उभं राहायचं. माझ्या पिंकीबद्दल माझ्याइतकं कोण बोलणार?

"बोलाल की," तो म्हणाला. "पण उलटतपास सुरू झाला की तुमी पिंजऱ्यात. तुमच्या बाजूनं उठून हरकत घ्यायची कुणी?"

"तुम्ही उठाल?"

"वकीलपत्रावर सही करा, उठतो."

"आधी ताप तर उतरू दे."

तो हसला. रिपोर्ट मोबाइलवर येतो हे तिसरीतल्या पोरालाही कळतं, पण हा माणूस रिपोर्ट न्यायला तीनदा लॅबमध्ये आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा हातात आईने कुटलेली शेंगाची चटणी होती. ताप उतरल्याबद्दल, म्हणे.

मग संध्याकाळी आम्ही तलावाच्या कट्ट्यावर बसू लागलो. दिवसभर भाजून निघालेला दगड बसल्यावर अजून कोमट लागायचा, आणि पाण्यावरून जरा वारा आला की चन्नवीर कोट काढून गुडघ्यावर घ्यायचा. कोर्टात द्यायचं माझं म्हणणं त्याने तिथेच माझ्याकडून लिहून घेतलं. पिंकी मध्ये बसून भजी खायची आणि त्याच्याकडून कानडी आकडे शिकायची. ओंदु, एरडु, मूरु... चारला अडकली की ती माझ्याकडे बघायची, मी त्याच्याकडे, आणि तो उगाच पाण्याकडे.

दर आठवड्याला तो वकीलपत्र काढायचा. दर आठवड्याला मी ते त्याच्याच खिशात परत घालायचे.

"का ओ, विश्वास न्हाई माझ्यावर?"

"आहे की. म्हणून तर."

याचा अर्थ त्याला कळला नाही, आणि कळवायची मला लाज वाटली. सुरुवातीला मी वकिलांवर रागावले होते म्हणून सही करत नव्हते. पुढे कारण बदललं. सही केली की मी त्याची पक्षकार होणार, त्याच्या कपाटातल्या फायलींपैकी एक. मला पक्षकार व्हायचं नव्हतं. मला त्याचं कुणीतरी व्हायचं होतं. इतका सरळ वेडेपणा होता तो.

एका संध्याकाळी त्याने पिंकीच्या मनगटावरचा डाग पाहिला आणि विचारलं. साऱ्या जगाला मी सांगत आले होते, चहा सांडला. त्याला खरं सांगितलं.

उपाशीपोटीचं रक्त घ्यायला पहाटे घरोघरी जावं लागतं. साडेपाचला निघायचं, सातच्या आत परत. माझी आई भावाकडे श्रीपूरला, इथे मी एकटी. पिंकी गाढ झोपलेली असायची, म्हणून मी बाहेरून कुलूप लावून जायचे. वर्षभर निभावलं. मग एकदा तिला लवकर जाग आली. भूक लागली म्हणून ती स्टूल ओढून ओट्यावर चढली, गॅस पेटवून दूध ठेवलं, आणि ते उतू गेलं. मी कुलूप काढलं तेव्हा ती दाराला टेकून बसली होती. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तिला अर्धवट झोपेत स्कूटीवर पुढे उभं करून नेऊ लागले. पण ते एक कुलूप मला कधी विसरता आलं नाही.

चन्नवीरने माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. रोज शंभर लोकांचे हात मी धरते, पण माझा कुणी धरला की काय होतं ते मला त्या दिवशी कळलं. मनावरचं ओझं उतरलं. वाटलं, आता हे दोघांचं झालं.

जूनमध्ये तो एकटाच आला आणि कट्ट्यावर बसलाच नाही. दाजींनी इथला, सोलापुरातलाच वकील केला होता — गुरुसिद्धप्पा वकील. चन्नवीरचे सिनिअर. ज्यांच्या ऑफिसात तो सहा वर्षं काम करत होता, तेच.

"मी त्या फायलीला हात लावणार न्हाई," तो म्हणाला. "पण तुमी दुसरा वकील करा आता. चांगलं नाव देतो."

मला राग आला. मला दुसऱ्याच्या हवाली करायला निघाला होता. मी म्हटलं, कुणी नको, माझी मी समर्थ आहे. तो ओठ हलवून थांबला, आणि मग म्हणाला, "चहा घेऊया?" त्याला काहीतरी सांगायचं होतं. ते सांगायची त्याला हिंमत झाली नाही, हे मला आज कळतं.

गुरुसिद्धप्पा वकील पिंजऱ्यातल्या माणसावर ओरडत नाहीत. मला त्यांनी बाळ म्हणून हाक मारली.

"बाळ, कामावर किती वाजता निघता?"

"साडेपाचला."

"मुलगी बरोबर असते?"

"हो."

"आता. पण आधी दाराला बाहेरून कुलूप असायचं. खरं की खोटं?"

पिंकी सोडली तर ही गोष्ट जगात आम्हा दोघांनाच माहीत होती. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. चन्नवीर बसला होता, मान खाली घालून.

"मनगटावरचा डाग चहाचा नाही. खरं की खोटं?"

खोटं म्हणता आलं असतं. पुरावा कुठे होता? पण शपथ घेतली होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जिंकायचंच भान राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "खरं." कुणी हरकत घेतली नाही. कुणी उठून मला विचारलं नाही की त्यानंतर ती मुलगी एक दिवस तरी एकटी राहिली का. जजसाहेबांनी विचारलं, अजून काही सांगायचं आहे? चार पानं पाठ करून गेले होते मी. त्यातला एक शब्द आठवला नाही.

निकाल लागला. पिंकी वडिलांकडे. महिन्यातून दोन रविवार माझे. न्यायला दाजींची बायको आली होती. भली बाई. पिंकीला वेणी सैल आवडते की घट्ट, तेवढं माझ्याकडून विचारून घेतलं.

त्यानंतर आठवड्याने चन्नवीर लॅब बंद व्हायच्या वेळी आला. दारातच उभा राहिला.

"मी तुमच्या वाईटासाठी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. "मे महिन्यात सरांना सल्ला विचारायला गेलो होतो, तुमची बाजू कशी सांभाळायची म्हणून. तेव्हा सगळंच सांगितलं. दाजी तर नंतर आले."

"आणि आल्यावर? मला का नाही सांगितलं?"

"वाटलं, सर ते कोर्टात काढणार न्हाईत. आणि... तुमी माझ्याशी बोलायचं बंद केलं असतं."

मग तो अगदी कळवळून म्हणाला, "तुमची सही असती तर तुमी आमच्याच ऑफिसच्या पक्षकार, दाजींची फाईल सरांना घेताच आली नसती. मलाही कुणाजवळ बोलता आलं नसतं. पक्षकाराचं असं बाहेर बोलत न्हाईत."

"पक्षकाराचं बोलत नाहीत," मी म्हटलं. "आणि माझं?"

तो उंबऱ्यावरची धूळ बुटाने सारत राहिला. मग म्हणाला, त्याने ऑफिस सोडलंय. आणि मग, खाली बघतच, "लग्न करता माझ्याशी? मला तुमी लई आवडता, पहिल्या दिवसापासून. दोघांचं घर असलं की अपिलात फरक पडतो. अपील मी लढतो, फुकट न्हाई, जन्मभराच्या बोलीवर."

हे ऐकायला मी पाच महिने वाट पाहिली होती. त्याच्या आवाजात खोट नव्हती, आणि तेच फार लागलं.

"मलाही तुम्ही आवडता," मी म्हटलं. "अजून आवडता. पण चन्नवीर, मला आता तुम्हाला काही सांगावंसं वाटत नाही. आज डबा काय खाल्ला, तेसुद्धा नाही. असं घर कसं करायचं?"

तो गेला. मी लॅबचं शटर ओढलं आणि पायरीवर बसून पोटभर रडले.

अपील हायकोर्टात, कोल्हापूरला करायचं होतं. या वेळी मी वकील केला. कौसर वकील, साठीच्या, तोंडाने फटकळ, माझ्यासारख्याच. त्यांनी सगळ्यात आधी मुलीचं नाव विचारलं. मी वकीलपत्र मागून घेतलं, आधी सही केली, मगच बोलायला लागले. पहाटेची रक्तं सांगितली, कुलूप सांगितलं, दूध सांगितलं. त्या भराभर लिहीत होत्या. मग मी त्यांना कट्टा सांगितला, चटणी सांगितली, त्याने हात कसा धरला ते सांगितलं. कौसर बाईंनी पेन खाली ठेवलं.

"बेटा, हे अपिलात लागणार नाही."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही ऐकून घ्या."