उल्हासनगरचं सरबत, बाबांची रम

"बदामाचं सरबत द्या. चांगलं. घरी पाहुणे येणार आहेत," मी म्हणाले. साफ खोटं.

उल्हासनगरच्या त्या सरबताच्या दुकानात मी पहिल्यांदाच शिरले होते. काउंटरमागच्या मुलाने वर बघितलं, आणि हातातली बाटली पुसायची विसरला.

"पाहुणे स्पेशल आहेत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"स्पेशल असतील तर वरच्या फळीवरची देतो. मम्मीच्या हातची आहे."

खरं म्हणजे मला माय ताय करायचं होतं. रम, लिंबाचा रस, संत्र्याची लिकर आणि बदामाचा पाक, वर पुदिना – असं ते कॉकटेल. पुढच्या शुक्रवारी गोव्याच्या एका हॉटेलवाल्यासमोर ते बनवून दाखवायचं, आणि जमलं तर बारटेंडरची नोकरी! पण मुलगी बारमागे उभी राहणार हे ऐकून मला बघायला आलेली मंडळी पोहे अर्धे टाकून उठली होती. तेव्हापासून परक्या माणसासमोर रमचं नाव काढायची माझी छाती होत नसे.

अंबरनाथला घरी येऊन पहिला ग्लास बनवला. रम बाबांची. एमआयडीसीतली नोकरी संपल्यापासून रविवारचा एक पेग ही त्यांची एकमेव चैन. त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"माया, ही काय होळीची थंडाई आहे का गं?"

मिरी, बडीशेप, वेलची... सिंधी घरांतून उन्हाळ्यात पितात ते थाधल होतं ते. नुसतं प्यायला झकास, पण रमशी त्याचं मुळीच पटेना.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात.

"तुमच्या सरबतात मिरी आहे!"

"थाधल आहे मॅडम, मिरी तो पडेगीच. पाहुण्यांना नाही आवडलं?"

"पाहुणे नव्हतेच. मला ते रममध्ये घालायचं होतं. मी बारटेंडर होणार आहे."

एका दमात बोलून टाकलं. आता हा हसणार, नाहीतर तोंड फिरवणार... हरेशने – हे नाव नंतर कळलं – नुसती मान खाजवली.

"अरे, मग आधी बोलायचं ना! साधा बदामाचा पाक करून दिला असता. गुलाबपाणी चालेल?"

"दोनच थेंब."

"रविवारी घरी आणून देतो. म्हणजे... तुम्ही हो म्हटलं तर."

"एवढ्या लांब, अंबरनाथला?"

"अंबरनाथ काय लांब? बाजूचंच स्टेशन."

मी हो म्हटलं. जरा जास्तच पटकन म्हटलं.

रविवारी दुपारी तो आला. आई कुळगावला मावशीकडे गेली होती. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, आणि "चखणा घेऊन येतो" म्हणत चपला सरकवून बाहेर पडले. लाइट तीनला जाणार होती, बर्फ त्याआधी वापरायला हवा होता. हरेश नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून लाटण्याने फोडत बसला. मी लिंबं पिळली, खोकल्याच्या औषधाच्या मापाने रम मोजली, बारटेंडिंगच्या क्लासमधल्या सरांनी छोट्या बाटलीतून दिलेली लिकर ओतली. शेकर म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता.

"हसू नका," डबा हलवता हलवता मी म्हणाले.

"हसत नाही. बघतोय."

"काय?"

"...डबा."

माझे कान तापले. उगाचच डबा आणखी जोरात हलवला.

ग्लासात पुदिना खोचून मी तो त्याच्यापुढे केला. त्याने घोट घेतला आणि डोळे मिटले.

"कसं झालंय?"

"नाही जमलं," तो खाली बघत म्हणाला.

शुक्रवार, गोवा, नोकरी – सगळं संपलं. मी ग्लास उचलून मोरीकडे वळले, तसा त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"फेकू नको! झूठ बोला मैं... मस्त झालंय. एकदम मस्त. मस्त बोललो तर तू गोव्याला जाणार ना."

'तुम्ही'वरून तो 'तू'वर आला होता. मलाही ते खटकलं नाही.

"मी जाणारच आहे, हरेश."

"माहिती आहे. जा ना. तुझ्या हातात जादू आहे, इथे बसून काय करशील? मी आहे इथेच... वाट बघेन."

बारचा नाद सोड म्हणणारे मी पाहिले होते. जा म्हणून वाट बघणारा हा पहिलाच.

"वाट बघत बसू नकोस," मी म्हणाले. "दर महिन्याला गोव्याला ये."

"काय घेऊन येऊ?"

"काही नको. तूच ये. मला तू आवडतोस, एवढंही कळत नाही का?"

बर्फाने गारठलेला त्याचा हात मी दोन्ही हातांत धरला. जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या, मग दारात... तरी मी तो सोडला नाही.