पंचविसावा दात

"धरा! धरा तिला!"

पण धरणार कोण? पाहुणीची निळी गाडी शेवटच्या वळणावर वळायचं सोडून सरळ सुटली, टायरांच्या बुटक्या भिंतीवरून उडाली आणि थेट शिट्टीसरांच्या बुटावर आदळून उलटी झाली. चारही चाकं हवेत गरगर फिरत राहिली.

शिट्टीसर म्हणजे रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या क्लबचे प्रमुख. बोलायच्या आधी ते शिट्टी फुंकत. आताही त्यांनी ती कान किटेपर्यंत फुंकली.

"दुसरी धडक! नियम माहीत आहे ना? तिसऱ्या धडकेला फळ्यावरचं नाव पुसलं जातं. मग अख्खी सुट्टी ट्रॅकवर पाऊल टाकायचं नाही!"

"सर, मी रिमोटचं चाक उजवीकडे फिरवलं होतं. गाडीच वळली नाही!"

"गाडीला कशाला दोष देतेस? हात चुकला तुझा. पुढचा नंबर कोणाचा?"

पाहुणीने मुकाट्याने गाडी उचलली. तिला पाहुणी म्हणायचे, कारण ती सुट्टीपुरती आत्याकडे आली होती. आई-बाबा घर बदलत होते. दादा कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेला होता. तिला ज्या घराची आठवण यायची, त्या घरात आता दुसरेच कुणी राहत होते! त्यामुळे नक्की कशासाठी रडायचं हेही तिला धड कळत नव्हतं.

आत्या दवाखान्यात परिचारिका होती. सकाळी सातला निघायची ती संध्याकाळी यायची. मधले बारा तास घरात फक्त फ्रिज आवाज करायचा. म्हणून पाहुणी रोज या ट्रॅकवर येई. पूर्वी इथे स्केटिंग चालायचं. आता फरशीवर पांढरे पट्टे आखून गाड्यांचा रस्ता केला होता. इथेही तिच्याशी कोणी फारसं बोलत नसे. "सरक जरा", "तुझा नंबर आला", बस्स. पण निदान माणसांचे आवाज तरी कानावर पडत. नाव पुसलं गेलं तर तेही बंद!

घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि गाडीचं झाकण उघडलं. बॅटरी ठीक होती. तारा ठीक होत्या. पुढच्या चाकांमागे सर्वो होता. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी डबी. आपण रिमोटचं चाक फिरवलं की तिच्यातून बाहेर आलेला दांडा फिरतो, दांड्यावरचा छोटा हात हलतो आणि तो हात सळईने पुढची चाकं वळवतो. जुना सर्वो फार आळशी होता. वळण संपलं की मग त्याला जाग यायची! म्हणून पाहुणीने मागच्याच आठवड्यात क्लबच्या मिस्त्रीकाकांकडून नवा, चपळ सर्वो बसवून घेतला होता.

तिने रिमोट चालू केला. त्याचं चाक मधोमध होतं, पण गाडीची चाकं डावीकडे बघत होती!

"काल तर मी सरळ करून ठेवली होती," ती स्वतःशीच म्हणाली. घरात स्वतःशी बोलायची तिला आता सवयच झाली होती. "कोणीतरी हात लावलाय!"

चोर पकडायचाच, असं तिने ठरवलं. चाकं सरळ केली. आत्याच्या नेलपॉलिशने सर्वोच्या दांड्यापासून त्या छोट्या हातापर्यंत एक बारीक लाल रेघ ओढली. कोणी काही हलवलं की रेघ तुटणार!

दुसऱ्या दिवशी सरावाला तिने गाडी अगदी हळू चालवली. खडबडीत पट्ट्यावरून दोनदा नेली, उचलली आणि झाकण काढलं. रेघ तुटली होती! अर्धी इकडे, अर्धी तिकडे. पण गाडी तर एक क्षणही तिच्या नजरेआड झाली नव्हती. म्हणजे चोर बाहेरचा नव्हताच!

हे कोणाला सांगावं म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. सांगण्यासारखं कोणीच नव्हतं. इतका मोठा शोध लागावा आणि ऐकायला कोणी नसावं! तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात ट्रॅकच्या कडेच्या उंच भिंतीपलीकडून हुंदका ऐकू आला. पाहुणी दचकली, कारण हुंदका तिचा नव्हता.

भिंतीपलीकडे मुंगी बसली होती. क्लबमधली सगळ्यात लहान मुलगी. तिच्या मांडीवर पिवळी गाडी होती आणि शेजारी हवालदार तिची समजूत घालत उभा होता. प्रत्येकाची उलटतपासणी घेतो म्हणून त्याला हवालदार म्हणत.

"माझीपण दुसरी धडक झाली," मुंगी मुसमुसली. "सर म्हणतात, हात चुकला."

"माझीही झाली," हवालदार म्हणाला. "आणि माझा हात कधी चुकत नाही!"

पाहुणीने कान टवकारले. "तुमच्या गाड्यांत नवा सर्वो आहे का?"

"आहे की! मिस्त्रीकाकांनीच बसवला. तुला कसं कळलं? कधी कळलं? आधी का नाही सांगितलंस?"

"अरे, श्वास तरी घे!" पाहुणी म्हणाली. तिला हसूच आलं. मग तिने तुटलेली रेघ दाखवली आणि स्क्रू काढून तो छोटा हात बाहेर ओढला. सर्वोच्या दांड्याला बारीक दाते होते. हाताच्या भोकातही तसेच दाते होते. एकमेकांत अडकले की हात घट्ट बसायला हवा.

"मी मोजते," मुंगी डोळे पुसत म्हणाली. तिने सुईचं टोक एकेका दातावर टेकवलं. "दांड्याला पंचवीस. आणि भोकात... थांबा, परत मोजते. चोवीस!"

"मग बसला कसा?" हवालदार ओरडला.

"दाबून बसवला! हा हात जुन्या सर्वोचा आहे. मिस्त्रीकाकांनी सर्वो नवा टाकला आणि हात तोच ठेवला. टेबलावर सगळं ठीक चालतं. जोराचा धक्का बसला की हात घसरतो!"

तिघंही क्लबच्या दुरुस्तीच्या टेबलापाशी धावली. मिस्त्रीकाकांनी मानही वर केली नाही. "चोवीस काय नि पंचवीस काय! बसला ना? मग झालं. वीस वर्षं हेच करतोय मी. पळा!"

शिट्टीसरांनी तर शिट्टीच फुंकली. "मिस्त्रींच्या कामात खोट काढता? आधी वळण घ्यायला शिका!"

"शिकू या की," पाहुणी हळूच म्हणाली. बाकीच्या दोघांना तिने बाजूला ओढलं. "सरांनाच शिकवायला सांगू. आपल्यापैकी एकाची गाडी त्यांच्या हातात द्यायची."

"आणि ती धडक आपल्या नावावर लागली तर? तिसरी असेल!" हवालदार म्हणाला.

मुंगीने गाडी छातीशी घट्ट धरली. पाहुणीने तिच्याकडे पाहिलं. पाहुणीला भीती वाटत होतीच. नाव पुसलं गेलं तर उरलेली सुट्टी फ्रिजच्या सोबतीत जाणार होती. तरी ती म्हणाली, "माझी देते."

छोटा हात पुन्हा होता तसाच दाबून बसवला आणि सोबत आणलेल्या नेलपॉलिशने लाल रेघ नव्याने ओढली. पाहुणी सरांपुढे उभी राहिली. "सर, खरंच मला ते शेवटचं वळण जमत नाही. एकदा दाखवता का? अगदी वेगात?"

सरांची छाती फुगली. "आता कसं विचारलंस! सगळे इकडे या! नीट बघून ठेवा!"

गाडी सुसाट सुटली. पहिली फेरी झकास! दुसरी त्याहून झकास! आज रेघ तुटलीच नाही तर? तिसऱ्या फेरीला गाडी खडबडीत पट्ट्यावरून धडधडत गेली, वळणापाशी आली आणि... सरांनी रिमोटचं चाक गच्च फिरवलं, अंगही वाकवलं, पण गाडी नाकासमोर चालती झाली. धडाम्! टायरांची भिंत पार आडवी झाली.

"ही गाडीच खराब आहे!" सर ओरडले.

"सर," हवालदाराने खाकरून विचारलं, "आमच्या हातून धडकली की हात चुकतो, आणि तुमच्या हातून धडकली की गाडी खराब?"

पोरं खो खो हसली. सरांच्या हातातली शिट्टी तोंडापर्यंत गेली, पण वाजली नाही. पाहुणीने झाकण उघडलं. लाल रेघेचे दोन तुकडे सगळ्यांना दिसले. मुंगीने पुन्हा मोठ्याने दाते मोजले, एक ते पंचवीस आणि एक ते चोवीस.

मिस्त्रीकाका गर्दीतून पुढे आले. त्यांनी तो छोटा हात घेतला, नाकाशी नेला, मग लांब धरला, मग अंगठा फिरवून पाहिला.

"मला दिसतच नाहीत दाते," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल. चष्मा लागला म्हटलं तर काम कोण देणार, म्हणून बोटांनीच चाचपून बसवत होतो. पोरांनो, तुमच्या धडका माझ्या आहेत."

पाहुणीला त्यांचा खूप राग यायला हवा होता. पण लोकांपासून काही लपवत एकटं बसणं कसं असतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. "काका, चष्मा येईपर्यंत आम्ही मोजून देऊ," ती म्हणाली. "बसवायचं तुम्हीच."

शिट्टीसरांनी फळ्यावरच्या तिघांच्याही धडका पुसून टाकल्या. "चुकलो मी," ते म्हणाले, आणि आज आधी शिट्टी न वाजवता म्हणाले. "आम्ही दोन मोठी माणसं हात झटकून मोकळे झालो. तुम्ही तिघांनी डोकं वापरलंत. शाबास! आणि पाहुणे, स्वतःची गाडी पुढे केलीस, तुझी विशेष शाबासकी!"

मग सगळा वेळ दुरुस्तीत गेला. आधी रिमोट चालू करायचा, त्याचं चाक मधोमध ठेवायचं आणि मगच पंचवीस दातांचा नवा हात सर्वोवर सरळ बसवायचा. सळई अडकवायला हातावर ओळीने बारीक भोकं होती; पाहुणीने आपल्या गाडीची सळई दांड्याजवळच्या भोकात अडकवून पाहिली. चाकं थोडी कमी वळू लागली, पण गाडी वळणावर अशी चिकटून राहिली की हवालदाराला तब्बल पाच प्रश्न पडले. त्याचीही गाडी दुरुस्त झाली. मुंगीच्या सर्वोला लागणारा हात मात्र डब्यात उरला नव्हता. तो परवा येणार होता.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. आत्या दारातच उभी होती.

"अगं, होतीस कुठे? आत्ताच बाबांचा फोन आला होता. नवं घर लागलं म्हणे! उद्या सकाळी तुला न्यायला येतायत. झालं की नाही मनासारखं?"

आल्यापासून पाहुणी याच फोनची वाट बघत होती. ती दारातच थांबली. पायातली चप्पलही तिने काढली नाही.

"आत्या, त्यांना सांग ना, एवढ्यात येऊ नका म्हणून."

"का गं? आता काय झालं?"

"मुंगीच्या सर्वोचा हात परवा बसवायचाय," पाहुणी म्हणाली. "ती माझ्यासाठी थांबणार आहे."