खापरी नळाची दिशा

"मागच्या आठवड्यात मंगळवारी सकाळी अंगठ्याएवढी धार होती," बंडू म्हणाला. "दुपारी गढूळ पाणी आलं, अन् संध्याकाळी बंद. तवापासून एक थेंब नाही."

तिघं गावच्या कोरड्या हौदात उतरली होती. मोर्शीजवळच्या या गावात आचल दर उन्हाळ्यात आईसोबत मोठ्या बाबांकडे राहायला यायची. बंडू तिचा चुलतभाऊ, आता आठवीत जाणारा. लुबना शेजारची, तिचे आजोबा कुर्बानचाचा गवंडीकाम करायचे. हौद दगडी होता. त्याच्या भिंतीतल्या भोकातून बारमाही पाणी पडायचं आणि गावची गुरंढोरं त्यावर जगायची. आता तळाच्या शेवाळाच्या पापड्या झाल्या होत्या.

"येत्या सोमवारी तोडून राहिले," लुबना म्हणाली. "सरपंच पार्बताबाई म्हणतात, दिवाळीपर्यंत घरोघरी नळ येणार. हौद ठेवून काय फायदा? इथं मंडप होईल."

"याआधी कधी आटला होता?" आचलनं विचारलं.

"माह्या आजोबांनीबी आटलेला पाहिला नाही."

"झरा आटला असता तर धार दिवसेंदिवस बारीक झाली असती ना? एका दिवसात कशी बंद होईल? आणि आधी गढूळ पाणी काहून आलं?"

बंडूनं डोकं खाजवलं. "हे आमी कोनालेच इचारलं नाही."

दुपारी जेवताना त्यानं ते वडिलांना विचारलं. देवरावांनी भाकरी मोडता मोडता उत्तर दिलं, "उन्हाळा आहे. झरे आटतात." विषय संपला. मग ते आचलच्या आईकडे वळले.

आचल शाळेत जात नव्हती. तिची आई ललिता तिला अमरावतीला घरीच शिकवायची. देवरावांचा घरच्या शिक्षणाला विरोध नव्हता, पण एक गोष्ट त्यांच्या मनात सलत होती.

"ललिता, हिवाळ्यात आलो होतो तवा ही पोरगी गच्चीवर मातीचे नळ थापत होती. किती दिवस चाललं ते?"

"पंधरा दिवस, भाऊजी. जुन्या शहरांमधल्या गटारांचा धडा होता. म्हटलं, करून पाहू."

"धडा किती पानांचा?"

"चार."

"चार पानांसाठी पंधरा दिवस. तेवढ्यात अर्धं पुस्तक झालं असतं. बरं, परीक्षेत कोणी नळ करून दाखवा म्हणत नाही."

ललितानं ताटाकडे पाहिलं. "मलाही आता तसंच वाटतं," ती म्हणाली. "तयारी करा, पसारा आवरा, आणि शेवटी हाती काय येतं ते कळत नाही. जूनपासून फक्त पुस्तकं घेऊ."

आचलचे घास लहान लहान होत गेले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिघं पाण्याचा माग काढायला निघाली. हौदापासून साठ-सत्तर पावलांवर नव्या नळयोजनेचा चर खणला होता. ठेकेदार गजेंद्रनं जेसीबी लावून तो खणला आणि अर्धवट बुजवला होता. काठावर मातीचा ढीग पडलेला. लुबनानं त्यातून एक वाकडं खापर उचललं.

"कवेलू," बंडू म्हणाला. "फेक."

आचलनं ते हातात घेतलं. कौलाला असा गळा नसतो. खापराचं एक टोक आत दाबून निमुळतं केलं होतं, आणि त्यावर ओल्या मातीत ओढलेल्या बोटांचे वळ होते. तिच्या नळांवर असेच वळ उठले होते. आत चुन्याचा पांढरा थर होता.

"हे कवेलू नाही," ती म्हणाली. "नळ आहे. भाजलेल्या मातीचा. चर कोणत्या दिवशी खणला?"

बंडूनं आठवून पाहिलं आणि एकदम खाली बसला. "मंगळवारी."

गुडघाभर चरात उतरून त्यांनी कुदळीनं सावकाश माती ओढली. घटकाभरानं गावाकडच्या बाजूला जमिनीत रुतलेल्या नळाचं तोंड दिसलं. पाय आत घालता येईल एवढं रुंद, आणि ठणठणीत कोरडं.

"कोणत्या तोंडानं पाणी येत असंल, कसं कळणार?" लुबनानं विचारलं. "चर तर दोन्हीकडे सारखाच दिसतो."

"निमुळतं टोक जिकडे, पाणी तिकडे जातं," आचल म्हणाली. "मी पहिल्यांदा उलटे बसवले होते. प्रत्येक सांध्यातून पाणी गळलं, सगळी गच्ची ओली झाली. आईनं मदत केली नाही, नुसती बसून पाहत राहिली. मग चार दिवसांनी कळलं, की प्रत्येक नळाचं निमुळतं टोक पुढच्या नळाच्या पोटात जायला पाहिजे." तिनं गावाकडच्या नळाच्या तोंडात हात घातला. "हे रुंद तोंड आहे. म्हणजे पाणी इथून आत शिरून हौदाकडे जायचं, आणि यायचं समोरून, टेकडीकडून."

त्यांनी समोरची बाजू खणली. तिथली माती आधी गार लागली, मग ओली, मग चिखल झाला. चिखलातून फुटक्या नळाचं टोक वर आलं, आणि त्यातून पाणी झिरपू लागलं. झरा आटलेला नव्हता. अकरा दिवस पाणी जमिनीतच मुरत होतं.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. गजेंद्र चराच्या काठावर उभा होता.

"निघा बाहेर. काम चालू आहे इथं."

"दादा, तुमच्या मशीननं हौदाचा नळ फुटला," बंडूनं खापर दाखवलं.

गजेंद्रनं ते घेतलं, न पाहताच नाल्यात भिरकावलं. "कवेलं निघतात जुनी. लेकरांनी मले शिकवू नये. पुन्हा दिसले तर देवरावले सांगीन."

परतताना बंडूला वडिलांची भीती वाटत होती, आणि आचलला एकाच गोष्टीची: खापर गेलं, आता कोण ऐकणार?

"खापर दाखवून काय होणार होतं?" लुबना शेवटी म्हणाली. "तेही कवेलूच म्हणाले असते. पाणीच दाखवू. अम्मी जर्द्यात, गोड भातात टाकते तो खायचा रंग आहे घरी. नारंगी. जनावरांना त्रास नाही."

रविवारी गजेंद्र दिवसभर फिरकला नाही. फुटक्या टोकाखाली बादली लावून बंडू आणि आचलनं पाणी साठवलं. चार वाजेपर्यंत दोन ड्रम भरले आणि त्यांत रंग कालवला. पाच वाजता पार्बताबाई हौदापाशी येणार होत्या, गजेंद्रला तोडायचं काम समजावून द्यायला. लुबना तिथंच जाऊन बसली.

"बाई, तोडायच्या आधी मोजमाप तं लिहून ठेवा," ती पार्बताबाईंना म्हणाली. "उद्या कोणी विचारलं तर?"

पार्बताबाईंना ते पटलं. त्यांनी देवरावांना टेप धरायला बोलावलं. ललिताही आली. गजेंद्र घड्याळ पाहू लागला.

चराशी बंडूनं पहिला ड्रम गावाकडच्या नळात ओतला. नारंगी पाणी आत गेलं आणि दिसेनासं झालं. दुसरा ओतला. तोही गेला. आचलला वाटलं, पुढेही कुठे नळ फुटला असेल. तसं असेल तर सगळं संपलं.

हौदात देवराव टेप धरून वाकले होते. भिंतीतल्या भोकातून आधी माती पडली. मग बारीक धार आली, भडक नारंगी, आणि त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर उडाली.

देवराव टेप सोडून मागे सरकले.

"हे कुठून आलं?" पार्बताबाईंनी विचारलं.

"चरातून," लुबना म्हणाली. "चला, दाखवते."

चरापाशी पार्बताबाई उकिडव्या बसल्या. त्यांनी वाहत्या टोकाखाली ओंजळ धरली, मग गजेंद्रकडे पाहिलं. "खणताना पाणी लागलं नव्हतं तुले?"

"लागलं होतं थोडं," गजेंद्र खाली मान घालून म्हणाला. "मले वाटलं, जमिनीतलं असंल."

"अन् आमाले वाटलं, उन्हाळ्याचं असंल," पार्बताबाई म्हणाल्या. "चूक तुही एकट्याची नाही. पण दुरुस्ती तूच करून देशील. हौद तोडायचा नाही."

कुर्बानचाचांनी मोजलं, मधले तीन नळ गेले होते. आचलला ते मातीचेच करून हवे होते. चाचांनी तिचं शांतपणे ऐकून घेतलं. "बेटा, भट्टी लावून, भाजून व्हायला महिना जाईल. गुरं महिनाभर थांबतील?" शेवटी प्लॅस्टिकचा पाइप बसवला आणि दोन्ही सांधे चुन्यानं लिंपले. चुना आचलनं कालवला. मंगळवारी हौदात स्वच्छ धार पडू लागली.

त्या संध्याकाळी देवरावांनी ललितासमोर खुर्ची ओढली. "ते पंधरा दिवस मी फुकट म्हटले होते. शब्द परत घेतो."

"सगळे परत घेऊ नका, भाऊजी," ललिता म्हणाली. "पुठ्ठ्याचा किल्ला केला होता आम्ही. त्यातून ती फक्त डिंक लावायला शिकली, आणि तोही बराचसा मीच लावला. नळांचं वेगळं होतं. ते गळले, आणि का गळले ते तिला शोधावं लागलं. जून आला की काय करून शिकवायचं, ते तेवढं पाहून ठरवीन."

पार्बताबाई मुलांना शाबासकी द्यायला आल्या होत्या. त्यांनी तिघांच्या हातावर पेढे ठेवले. "तुमी होते म्हणून गुरांचं पाणी वाचलं. आता एवढं सांगा, हा नळ घातला कोनं? केव्हाचा आहे?"

बंडू आणि लुबनानं आचलकडे पाहिलं.

"ते खणून नाही कळणार," ती म्हणाली. "ते वाचावं लागेल."