उणे छत्तीस आणि आत्याचं शेत

"शेत सोडून द्यावं लागणार," टिकोजी शाल्मलीला म्हणाला.

टिकोजी हा अवकाशस्थानकावरचा यंत्रमानव. आणि शेत म्हणजे स्थानकाला जोडलेली काचेची खोली. तिथे शाल्मलीच्या शास्त्रज्ञ आत्याने चार वर्षं खपून मंगळावर पेरण्यासाठी भात वाढवला होता. आज कुठे लोंब्या पिवळ्या झाल्या, तर आजच एक मेला दगड मिनिटाला एक किलोमीटर वेगाने इकडे निघाला होता! धडक होणार असेल तर खोली सुटी करून अवकाशात सोडायची आणि हलकं झालेलं स्थानक बाजूला न्यायचं, असा नियम.

"पण धडक होणार का?" शाल्मलीने विचारलं.

"क्ष मिनिटांनी दगड जितका दूर असेल, त्या अंतराचा वर्ग क्ष² − ४०क्ष + ४०९. धडक म्हणजे अंतर शून्य. पण विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) आला उणे छत्तीस. उत्तर नाही, म्हणजे धोका धरूनच चालायचं!"

"वा रे टिकोजीराव! अडलं की हात वर?" आत्या म्हणाली. "शालू, तू सोडव पुढे."

"अगं, उणे संख्येला वर्गमूळ कुठलं?"

"मग नवी संख्या घे, i. तिचा वर्ग उणे एक. तिला काल्पनिक संख्या म्हणतात, पण गणितात अगदी चोख वागते हो ती!"

शाल्मलीने लिहिलं: उणे छत्तीसचं वर्गमूळ ६i. म्हणून क्ष = (४० ± ६i) ÷ २ = २० ± ३i.

"हे मिनिट घड्याळात कुठे शोधू?"

"नाहीच सापडणार. म्हणजे धडक कुठल्याच मिनिटाला नाही! आता तेच समीकरण असं लिही: (क्ष − २०)² + ९."

शाल्मलीने तसं लिहिलं. कंसाचा वर्ग कमीत कमी शून्य, तोही विसाव्या मिनिटाला. उरले नऊ.

"अंतराचा वर्ग नऊ, म्हणजे अंतर तीन! आत्या, वीस सांगतात कधी आणि तीन सांगतात किती दुरून!"

"शाब्बास! दगडाचा वेग मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून हे तीन सरळ किलोमीटरच."

"टिकोजी, खोलीला हात लावायचा नाही," शाल्मलीने बजावलं.

विसाव्या मिनिटाला खिडकीबाहेर एक करडा ठिपका सरकत गेला.

"अंतर तीन किलोमीटर," टिकोजी म्हणाला. "यापुढे उत्तर नाही म्हणण्याआधी मी पुढे सोडवून बघेन."

आत्याने शाल्मलीला घट्ट जवळ घेतलं. "गणितावर विश्वास होता गं, तरी जीव टांगणीलाच होता माझा!"

मग शेतात जाऊन तिने पहिली लोंबी खुडली आणि शाल्मलीच्या हातात ठेवली.

"बियाणं आहे, जपून ठेव. मंगळावर पेरायला तुलाच जायचंय."