मागे काही ठेवायचं नाही

खट्.

बाथरूमची कडी. बस, एवढाच आवाज. घरात दुपारची शांतता, नवरा कामावर, लेक झोपलेली. वारा आला असेल, कडी हलली असेल.

तरी मी लिहायचं सोडून उठले. आतल्या खोलीत गेले. तिच्या डोक्यावरून घेतलेलं पांघरूण खाली ओढलं, तोंड पाहिलं, नाकाखाली बोट धरलं. मग परत येऊन बसले.

हे मी दिवसातून किती वेळा करते ते विचारू नका.

पुढे लिहिलंय ते कोणाकडून ऐकलेलं नाही. मैत्रिणीच्या मैत्रिणीचंही नाही. ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं... नाही, खरं सांगायचं तर माझ्या हाताखाली घडलं. डोळे उघडून मी पाहिलंच नाही. तोच माझा गुन्हा.

मागच्या वर्षी चार दिवस जोडून सुट्टी आली होती. त्यातलीच ही शुक्रवारची रात्र आणि शनिवारची पहाट. आम्ही तिघंच. नवरा, मी आणि आमची पाच वर्षांची गुंडी. शाळेतलं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा तोंड शर्टाच्या गुंडीएवढं होतं, म्हणून गुंडी.

गाडी माझ्या धाकट्या दिराची. तो सुतारकाम करतो. सामान वाहायची एक जुनी व्हॅन घेऊन त्याने तिचं आतून घर केलं होतं. मागे आडवा पलंग, पलंगाखाली खण, एका बाजूला शेगडी आणि हात धुवायला छोटं सिंक, छताला उघडणारी खिडकी. चावी देताना त्याने सरकत्या दाराच्या आतून एक कागद चिकटवला.

"वहिनी, निघताना ह्या पाच गोष्टी बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि दादावर सोडू नका. तो चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो."

गॅसचा नळ बंद. छताची खिडकी बंद. खणांच्या खिट्या लावलेल्या. चाकांचे ठोकळे काढलेले. दाराची पायरी आत घेतलेली.

यादी पक्की होती. फक्त तिच्यात माणसं नव्हती.

नवऱ्याला हॉटेल नको होतं. "चार दिवस परत भिंतीच बघायच्या, तर घर काय वाईट आहे?" तो म्हणाला. असं उघड्यावर गाडी लावून राहणाऱ्यांचे व्हिडिओ बघून त्याने एक मंत्र पाठ केला होता. उशिरा यायचं, लवकर निघायचं, मागे काही ठेवायचं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही मोठा रस्ता सोडून एका तळ्याच्या वरच्या अंगाला पोचलो. रस्त्याच्या कामाची खडी टाकलेली मोकळी जागा. एक खडीचा ढीग, चार झाडं, खाली पाणी. आजूबाजूला एकही दिवा नाही.

बाकी सगळीकडे गवत होतं. एका ठिकाणी मात्र गाडीएवढा एक चौकोन होता. लांबट, कडा नीट आखल्यासारख्या. त्यात गवताची काडी नव्हती.

"बघ, आधी कोणीतरी इथेच लावलेली दिसतेय," नवरा खूश झाला. "म्हणजे जागा सपाट असणार."

आणि त्याने गाडी बरोबर त्या चौकोनावर लावली.

मी शेगडी पेटवली. गुंडी दारात पायरीवर बसून भातुकली मांडत होती. तिने प्लॅस्टिकचे कप काढले. एक, दोन, तीन... आणि चौथा पायरीवर, बाहेरच्या बाजूला.

"तो कोणाचा गं?"

"तिचा."

"कोण ती?"

"आपण तिच्या जागेवर गाडी लावली ना."

मी हसले. मुलं बोलतात असं. पण हसताना माझ्या एक लक्षात आलं. तळं एवढ्या जवळ, तरी एकही बेडूक ओरडत नव्हता. किडासुद्धा नाही. भांड्यातलं पाणी उकळत होतं, तेवढाच काय तो आवाज.

त्या दिवशी मी फार थकले होते. सहा तास गाडीत गुंडीचं "आई हे बघ, आई ते बघ" चाललेलं. जेवणं झाल्यावर तिने परत "आई..." म्हणून सुरुवात केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन मिनिटं तरी मला एकटीला सोड गं, बाई!"

ती जवळ सरकली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "सोडते हं."

अजून ऐकू येतं मला ते.

पहाटे... अजून अंधारच होता. मी अर्धवट झोपेत. गुंडीने माझा खांदा हलवला.

"आई, मी बाहेर जाऊ?"

"हं," मी म्हणाले.

झोपेतलं "हं". त्याला काही अर्थ नसतो. पण मी म्हणाले खरं.

घर्रर्र... दार सरकलं. वाटलं, नवरा उठला असेल, तो नेईल तिला.

थोड्याच वेळात गजर झाला. नवरा तर माझ्या शेजारीच होता! पण तेव्हा मला काही जाणवलं नाही. तो डोळे चोळत उठला. दार वीतभर उघडं होतं. त्याला वाटलं, मी रात्री उठले असेन. मला वाटलं, तो उठला असेल. दोघांनीही विचारलं नाही.

तो यादी घेऊन कामाला लागला. गॅस. खिडकी. खिट्या. ठोकळे. पायरी. मग टॉर्च घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि चॉकलेटचा एवढासा कागद उचलून आणला.

"मागे काही ठेवलं नाही," तो कुजबुजला. "गुंडी?"

मी पलंगाकडे पाहिलं. तिच्या कोपऱ्यात, भिंतीच्या बाजूला, पांघरुणाखाली ती वळकटी. डोक्यावरून पांघरूण घ्यायची तिची सवयच.

"झोपलीये," मी म्हणाले.

खरं तर तिला उठवून पुढच्या सीटवर पट्ट्यात बसवायला हवं होतं. पण पहाटे उठवली की दिवसभर किरकिर. घाट नव्हता, रस्ता मोकळा होता. म्हटलं, झोपू दे.

इथून पुढचं मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

मी वाकून तिला थोपटलं. दोनदा. पांघरुणाच्या टोकातून पाय बाहेर आले होते. ते आत सारायला मी हात लावला...

पाय गार होते.

आणि ओले.

माझा हात क्षणभर तिथेच थांबला. त्या तळव्यांना खडीची कच लागलेली होती. गुंडीचा पाय माझ्या मुठीत जसा बसतो, तसा तो बसत नव्हता. थोडा मोठा होता. अगदी थोडा. आईलाच कळावा, एवढाच.

मला कळलं.

आणि मी मनात म्हटलं, छतातून दव गळलं असेल. पायांवर पांघरूण नीट खोचलं आणि पुढे जाऊन बसले.

का? कारण तोंड उघडून बघितलं असतं तर ती जागी झाली असती. आणि मला वीस मिनिटं हवी होती. थर्मासमधला चहा, समोर रिकामा रस्ता आणि कोणी "आई" म्हणत नाहीये, अशी वीस मिनिटं.

तेवढ्यासाठी.

गाडी निघाली. धुकं होतं. नवऱ्याने एक हात माझ्या हातावर ठेवला. किती दिवसांनी आम्ही दोघं असे बसलो होतो.

मागून थप थप... पाय आपटल्यासारखा आवाज आला.

"झोप गं," मी मागे न बघता म्हणाले.

"हं," मागून आलं.

पहाटे झोपेत मी म्हणाले होते ना... अगदी तसंच. तोच सूर. तीच लांबी.

मी शाल घट्ट गुंडाळून घेतली.

वीस मिनिटांनी पेट्रोल पंप आला. उजाडत होतं. पंपावरचा माणूस नळी लावून उभा होता, मागच्या काचेकडे बघत. एकदम तो हसला आणि त्याने हात हलवला.

"उठली की हो ताई तुमची पोरगी. कधीची टाटा करतेय."

मी हसत मागे वळले.

पांघरूण सपाट होतं.

मध्ये काहीच नव्हतं. मी ते ओढून काढलं, उशा फेकल्या, पलंगाखालचे खण उपसले. एवढ्या खणात पाच वर्षांचं मूल मावत नाही, हे मला माहीत होतं. तरी उघडत होते. गादीवर पायाच्या बाजूला हाताएवढा ओला डाग होता. त्यात कच.

"गुंडी कुठंय?" नवरा विचारत होता. "अगं, गुंडी कुठंय? तू म्हणालीस ना झोपलीये!"

मी म्हणाले होते.

नवऱ्याने गाडी वळवली. मी फक्त तळ्याचा विचार करत होते. खाली पाणी होतं. ती पोहायला शिकली नव्हती. पाणी दिसलं की दगड टाकायला धावते. धुक्यात प्रत्येक खांब मला तिच्यासारखा दिसत होता.

गाडी थांबायच्या आत मी उडी मारली.

रात्रभराच्या दवाने सगळी जागा ओली झाली होती. आमची गाडी जिथे उभी होती तेवढाच चौकोन कोरडा. त्या चौकोनाच्या बरोबर मधोमध... गुंडी. मांडी घालून बसलेली, अनवाणी. हातात तो चौथा कप.

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, दुखतंय." मग तिने माझ्या खांद्यावरून गाडीकडे पाहिलं.

"ती कुठंय? आणली नाहीस तिला?"

"कोण, बाळा?"

"चौकोनातली ताई. ती म्हणाली, मला एकदा तुझ्या जागेवर झोपू दे. मी म्हटलं झोप. मग मी ढिगामागे शू करायला गेले. आणि तुम्ही गेलात."

"तू ओरडली का नाहीस, पिल्ला?"

"तिने आधीच सांगितलं होतं. गाडी गेली तर रडायचं नाही. चौकोनातून हलायचं नाही. हललं की मग सापडत नाही." तिने कपातलं दव बोटाने पुसलं. "ती हलली होती ना."

मी खाली पाहिलं. गवत न उगवलेला तो चौकोन. किती वर्षं नुसतं बसून राहिलं की गवत उगवायचं थांबतं?

नवरा म्हणाला, "चला. बसा गाडीत. आत्ता."

रस्ता एकच होता. परत त्याच पंपावरून जायचं होतं. गुंडी माझ्या मांडीवर, तोंड माझ्या छातीत. मी खिडकीतून पाहिलं.

पंपावरचा माणूस उकिडवा बसला होता. खांबाच्या पलीकडे कोणाशी तरी बोलत होता. लहान मुलाशी बोलताना बसतो ना आपण, तसा. हात पुढे करून. खांबामुळे पलीकडचं दिसलं नाही. एक पाऊल तेवढं दिसलं... अनवाणी, ओलं.

मी नवऱ्याला "थांब" म्हणाले नाही.

तिनेच माझ्या लेकीला हलू दिलं नव्हतं. तळ्यापासून दूर ठेवलं होतं. आणि तिला आम्ही तिच्या जागेवरून उचलून भलत्याच ठिकाणी सोडून आलो. आता तिचं कोणी तिथे परत आलं, तर चौकोन रिकामाच सापडेल.

पुढे आम्ही काय केलं? काही नाही. नवरा म्हणतो, पांघरूण गोळा झालं होतं, पंपवाल्याला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं असेल. त्यालाही ते खरं वाटत नाही. त्या पंपाचा नंबर मी शोधून काढला होता. तीनदा लावला. उचलल्यावर काय विचारायचं ते सुचेना, फोन ठेवून दिला.

गाडी परत द्यायला गेलो तेव्हा दिराने विचारलं, "काय वहिनी, यादी पाळली ना?"

"पाळली," मी म्हणाले. आणि पेन मागून घेऊन खाली सहावी ओळ लिहिली. तोंड बघून मोजायचं.

तो हसला. "काय, दादाला विसरून आलात की काय कुठे?"

गुंडी मजेत आहे. शाळेत जाते, खाते, भांडते. रात्री मात्र आता माझ्या मुठीत तिचा पाय धरून झोपते मी. बसतो नीट. कधी कधी वाटतं, थोडा मोठा झालाय. मुलांचे पाय वाढतातच.

एवढं लिहून झालं आणि ती उठून आली. डोळे चोळत माझ्या मांडीत चढली. मी हे सगळं हाताने झाकलं. झाकायची गरज नव्हती, तिला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

तिने माझ्या छातीला डोकं टेकलं. मग माझा हात घेतला, स्वतःच्या पायाच्या तळव्यावर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"आई, पाय गार लागले होते... तरी तू पांघरूण का नाही काढलंस?"