पेन्सिलीचा स्वल्पविराम

परीक्षेला आठवडा उरला होता, म्हणून दुसरी ग्रंथालयात वह्या आणायला गेली. ग्रंथालयाच्या बाईंनी स्वरलिपीच्या चार पातळ वह्या टेबलावर ठेवल्या, वर एक खोडरबर ठेवला आणि बत्तीस वर्षं जे सांगत आल्या होत्या तेच सांगितलं.

"पेन्सिल चालेल. शाई चालणार नाही. परत देताना सगळं पुसून द्यायचं."

"आधीच्यांनी पुसलं नसेल तर?"

"पुसतात गं सगळे." बाईंनी उगाचच चष्मा काढला. "मी स्वतः तपासून घेते. पुसून घेते म्हण ना."

एवढा खुलासा दुसरीने मागितला नव्हता. पण तिचं लक्ष नव्हतं.

तिला दुसरी म्हणायला दोन कारणं होती. घरात ताईच्या पाठीवरची म्हणून दुसरी, आणि संगीताच्या कॉलेजात चार वाद्यांच्या चौकडीत दुसरं व्हायोलिन वाजवते म्हणून दुसरी. "दुसरं का? पहिलं शिल्लक नव्हतं का?" असं आत्या दर सुट्टीत विचारायची, जणू चपलेचा नंबर संपला होता. एकटीने वाजवायच्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. कॉलेजात टिकली ती केवळ चौकडीतल्या जागेवर. आणि आता कॉलेजने ठरवलं होतं की दोन चौकड्यांपैकी पुढच्या वर्षी एकच ठेवायची. हरलं तर घरी, आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या नकला काढायच्या.

चौकडीत बाकीचे तिघं असे. पहिलं व्हायोलिन वाजवणारा 'पहिला', उंच, देखणा आणि स्वतःच्या गजाच्या प्रेमात पडलेला. व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावावर, 'काका'. वय तेहतीस, बँकेतली नोकरी सोडून आलेला, त्यामुळे विद्यार्थी त्याला काका म्हणत आणि नातेवाईक वेडा म्हणत. आणि चेलोवर 'बुटकी'. चेलो खांद्याला लावून ती जिना चढू लागली की चेलोच तिला घेऊन निघाला आहे असं वाटायचं. या चौघांना मिळून कॉलेज काय म्हणत असेल ते मराठी माणसाला सांगायला नको.

सरावाची खोली तिसऱ्या मजल्याच्या टोकाला होती. चार साध्या खुर्च्या, एक पियानो, आणि खिडकीपाशी पाचवी खुर्ची, जाड हातांची. ती हलवू नका असं कोणी सांगितलं नव्हतं. पण कोणी हलवतही नव्हतं. दुपारी चारला ऊन नेमकं त्या खुर्चीवर यायचं. खोलीला लाकडाचा, गजाला लावायच्या राळेचा, आणि त्याखाली कुठेतरी निलगिरीच्या तेलाचा वास होता. सर्दी कोणालाच नव्हती.

चौकडीपुढे उभा राहून काठी हलवणारा कोणी नसतो. म्हणून सुरुवातीला पहिल्याने नाकातून एक श्वास घ्यायचा, बाकीच्यांना ऐकू जाईल असा. श्वास जेवढा लांब तेवढी रचनेची लय. तो संपला की चौघांचे गज एकदम तारेवर. वहीत त्या जागी पेन्सिलीने एक स्वल्पविराम काढतात. चारही वह्यांत पहिल्या सुराच्या आधी तो होता, बारीक, टोकदार, एकाच हातचा.

श्वास आला. चौघं निघाले.

आणि इतके सुरेख वाजले की संपल्यावर कोणी कोणाकडे बघेना.

"श्वास झकास दिलास रे," काका शेवटी म्हणाला.

"मी?" पहिला म्हणाला. "मी गज नीट करत होतो. मला वाटलं हिने दिला."

"दुसऱ्या व्हायोलिनने श्वास द्यायचा नसतो," दुसरी म्हणाली. "मला माहीत आहे. तू रोज ऐकवतोस."

"मग बुटकीने दिला असेल."

"हो, चेलोने दिला," बुटकी म्हणाली. "त्याला दमा आहे."

सगळे हसले. हसताना चौघांच्याही लक्षात आलं की आपल्याला धाप लागली आहे.

दुसऱ्या दिवशी श्वास आला. तिसऱ्याही दिवशी. रचना रोज सेकंदाचाही फरक न पडता तेवढ्याच वेळात संपायची. मधल्या भागात काकाला थोडं रेंगाळायचं असे; हात रेंगाळत नसे. पहिल्या पानभर छाती भरलेलीच राहायची, पान उलटेपर्यंत सोडायची आठवणच होत नसे. पहिल्याचे ओठ निळसर दिसू लागले. डॉक्टरने छाती तपासली आणि छाती उत्तम आहे, काळजी करणं सोडा, असं सांगून फी घेतली.

दुसरीने स्वल्पविराम पुसला. चारही वह्यांतला, कागद खरवडेपर्यंत. सकाळी तो जागेवर होता.

तेव्हा तिने पियानो लावायला येणाऱ्या म्हाताऱ्याला गाठलं. तो पियानोत अर्धा शिरून तारा पिळत होता.

"आजोबा, ती पाचवी खुर्ची कोणाची?"

तार पिळणं थांबलं.

"सरांची." आवाज पियानोच्या आतून आला. "चौकडी शिकवायचे. निलगिरीचा रुमाल कायम नाकाशी. स्वतः वाजवायचे नाहीत. पण सुरुवात कोणाला करू द्यायचे नाहीत. माझ्या श्वासावर निघायचं, असा हुकूम. पोरं सोन्यासारखी वाजवायची, बाई. पण इथून बाहेर पडल्यावर एकालाही आपणहून सुरू करता आलं नाही. गज उचलून बसून राहायची."

"मग?"

"मग एक दिवस सरांनी श्वास घेतला..." म्हातारा बाहेर आला आणि त्याने खुर्चीकडे पाठ केली. "घेतला तो घेतला. सोडलाच नाही. पोरं बसली गज उचलून. मी बाहेर जिन्यात. खाली चारचे ठोके पडले, मग सव्वाचार झाले... आत आवाज नाही. कोणाची हिंमत नाही ना. शेवटी मी दार ढकललं."

"आणि सर?"

"डोळे उघडे होते. वाट बघत असल्यासारखे."

दुसरीने हे तिघांना सांगितलं. बुटकीने आपली खुर्ची खिडकीपासून दोन हात लांब घेतली. पहिला मात्र खिडकीकडे बघत हळूच म्हणाला, "असू दे की. आपण आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. परीक्षेपुरता श्वास त्यालाच देऊ दे. जिंकू आपण."

"आपण नाही. तो जिंकेल."

"तुला काय फरक पडतो? तुला तसंही कोणाच्या तरी मागूनच जायचं असतं."

हे त्याने सहज म्हटलं होतं. म्हणूनच ते लागलं. एकोणीस वर्षं ती मागून गेली होती. ताईचे फ्रॉक, ताईची पुस्तकं, ताईचं व्हायोलिनसुद्धा. पण ताई जिवंत होती, भांडायची, आणि मागितल्यावर वाट द्यायची.

"माणसांच्या मागून जाते मी," दुसरी म्हणाली. "खुर्चीच्या नाही. आणि तुझे ओठ बघ आरशात."

परीक्षा त्याच खोलीत, दुपारी चारला. तीन परीक्षक भिंतीला लागून बसले. त्यांतला एक बसण्यापूर्वी पाचव्या खुर्चीकडे गेला, जुनी ओळख असल्यासारखं खुर्चीच्या हातावर बोट टेकवलं, आणि जाऊन स्टुलावर बसला. खुर्चीवर ऊन आलं. निलगिरीचा वास इतका दाट झाला की डोळ्यांना पाणी यावं.

गज उचलले गेले. श्वास आला.

पहिल्याचा हात निघालाच होता. दुसरीने आपला गज आडवा घालून त्याचा गज हवेतच अडवला.

"नाही," ती म्हणाली. मोठ्याने. परीक्षेत.

एका परीक्षकाने लिहायला सुरुवात केली. परीक्षकांना असलं काही आवडतं. श्वास पुन्हा आला, या वेळी तोकडा, वर्गात उशिरा आलेल्याकडे बघून घ्यावा तसा. चौघांच्या छात्या आपोआप भरल्या आणि भरलेल्याच राहिल्या. बुटकीचे डोळे मोठे झाले. पहिला तोंड उघडून बसला होता, पण आत काही जात नव्हतं, बाहेर काही येत नव्हतं...

तिसरा श्वास थेट दुसरीच्या कानाशी आला. मानेवरचे केस आत ओढले गेले.

कानशिलं ठणकत होती. श्वास घेण्यात तो तिला हरवणार हे तिला कळत होतं. घेण्यात त्याचा हात कोण धरणार? मग त्याला जे कधी जमलं नाही ते तिने केलं. छातीतला सगळा जीव एकवटून तिने श्वास सोडला. लांब, आवाज करून, दिवसभर ओझं वाहून आलेला माणूस उंबऱ्यावर सोडतो तसा. आणि त्या सोडलेल्या श्वासावर गज तारेवर टाकला.

काका तिच्याबरोबर निघाला. पहिला खोकत निघाला. बुटकीला उशीर झाला, तिने शिवी हासडून गाठलं. मग चौघं वाजवत राहिले, चुकत, सावरत, एकमेकांकडे बघत. मधल्या भागात काका हवा तेवढा रेंगाळला, आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबले. शेवटचा सूर थोडा बेसूर होता. पण तो त्यांचा होता.

निकालाच्या कागदावर लिहिलं होतं: 'चौकडी ठेवावी. चुका पुष्कळ, पण चौघं एकमेकांचं ऐकतात. सुरुवातीपूर्वी कोणीतरी तीनदा नाकातून आवाज केला, ही सवय मोडावी.'

"मोडली," दुसरी म्हणाली. पहिल्याने तिच्यासमोर वाकून नमस्कार केला. निम्मा थट्टेने, निम्मा खरा.

संध्याकाळी तिने आपली वही तपासायला घेतली. पहिल्या सुराआधीची जागा कोरी होती. तिने नखाने चाचपून पाहिली, स्वच्छ. समाधानाने ती पानं उलटत शेवटाला आली, आणि तिचा हात थांबला.

शेवटच्या सुरानंतर, जिथे दोन उभ्या रेघा मारून रचना संपते, त्या रेघांच्याही पलीकडे, बारीक, टोकदार स्वल्पविराम होता. म्हणजे म्हणणं संपलेलं नव्हतं.

दुसरीने तो पुसला. मग बाईंचा बत्तीस वर्षांचा नियम मोडून तिने पेन काढलं आणि त्याच जागी शाईचा पूर्णविराम दिला, कागदाला भोक पडेल इतका दाबून. वह्या पुढच्या वर्षापर्यंत त्यांच्याकडेच राहणार होत्या.

सोमवारी चारला तिने वही उघडली. पूर्णविराम जागेवर होता, तिचाच, निळा. फक्त त्याला खालून, पेन्सिलीची, एक छोटी वाकडी शेपटी फुटली होती.

तिने खिशातून खोडरबर काढून वहीच्या स्टँडवर ठेवला, नवा, मोठा. खुर्चीवर ऊन येत होतं.

"बसा," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "ऐका हवं तर. सुरुवात मीच करणार आहे."

आणि तिने गज उचलला. खोलीत कोणीतरी श्वास रोखून धरला होता.