तीन पायऱ्यांखालचं तळं

“पंखा बंद असेल तर त्या तीन पायऱ्या उतरायच्या नाहीत. कुणीच!” मावशीने बजावलं होतं.

केतकी हसली होती. “अगं, दगडू आहे की! हवा बिघडली तर तो बोंब ठोकेलच.”

दगडू म्हणजे मावशीचा उंचापुरा यंत्रमानव. मावशी किण्वनाची (आंबण्याच्या क्रियेची) शास्त्रज्ञ. डोंगरावरच्या तिच्या छोट्या कारखान्यात बिअर बनायची. शेडमध्ये दिव्यांच्या उजेडात हॉप्सचे (बिअरमध्ये घालायच्या कडवट फुलांचे) वेल वाढायचे आणि घराच्या मागे, तीन पायऱ्या खाली, टाक्या रात्रंदिवस ‘बुडुक... बुडुक’ करायच्या. जणू अंधारात कुणीतरी झोपलंय.

त्या दुपारी खालचा पंखा भलताच घरघरत होता. छकुली, केतकीची रांगती बहीण, सारखी दचकत होती. केतकीने बटण दाबलं, पंखा गप्प झाला. छकुली झोपली. केतकी ओसरीवर हॉप्सची फुलं निवडायला बसली.

परत आली तर गोधडी रिकामी. मागचं दार अर्धवट उघडं.

छकुली खाली लादीवर पडली होती. ओठ निळसर. शेजारी दगडू उभा.

“दगडू, हवा कशी आहे?”

“हवा उत्तम आहे, केतकीताई.”

केतकीने पाऊल टाकलं, तोच कुणीतरी वेणी धरून मागे खेचलं. पंख्याचा आवाज येत नाही हे ध्यानात येताच मावशी शेडमधून धावत आली होती.

“थांब! तूही तिथंच निजशील. दगडू, बाळाला उचल! वर आण!”

दगडूला श्वास लागत नाही. त्याने छकुलीला अलगद अंगणात आणलं. मावशी तिच्या तोंडात हळूहळू हवा फुंकत राहिली. केतकीला वाटलं, सगळं जगच थांबलंय. मग छकुली खोकली आणि तिने भोकाड पसरलं. एवढं गोड रडणं केतकीने कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टरबाई तपासून गेल्यावर मावशीने मेणबत्ती दोरीला बांधून दारातूनच खाली सोडली. पहिल्या पायरीशी ज्योत ताठ. दुसऱ्या पायरीशी ती दबली. तिसरीशी विझली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. केतकी मावशीला खेटून उभी राहिली.

“कोण विझवतंय गं?”

“कुणी नाही. टाकीतलं यीस्ट (एकपेशीय बुरशी) साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड. पंख्याने बाहेर फेकला नाही तर पाण्यासारखा खाली साचतो. तळंच म्हण, पण न दिसणारं.”

“मग दगडूला कसं कळलं नाही?”

“त्याचं नाक कुठं आहे बघ.”

केतकीने मान वर केली. हवा तपासणारी जाळी दगडूच्या कपाळावर होती. नाक तळ्याबाहेर आणि छकुली तळाशी!

“पंखा मीच बंद केला,” ती पुटपुटली. मुठीत राहिलेलं हॉप्सचं फूल चुरगळलं, कडवट वास आला. “ही फुलं तरी कशाला घालतेस?”

“चवीला. शिवाय बिअर नासवणाऱ्या जंतूंना ती वाढू देत नाहीत, यीस्टला मात्र चालतात. बिअरची राखण हॉप्स करतात, केतू. आपली आपणच करायची.”

आता दगडूच्या घोट्यावर दुसरं नाक आहे. टाक्या बुडबुडत असतील तर पंखा बंदच होत नाही. छकुली ते नवं नाक ओढायला धावते, कारण ती आता चालते.

आणि तुमच्या घरातलं सगळ्यात बुटकं माणूस? ते आत्ता कुठं आहे? पुस्तक मिटा आणि बघून या. नुसती हाक मारू नका हं. खाली वाका, त्याच्या नाकाएवढे व्हा, आणि मग बघा.